नकार द्यायचा तर दारातच

प्रश्न : हळ्ळीखेड (बी), तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर इथल्या एका लहान सहकारी संस्थेचं संगणकाचं काम मी पाहतो. आमचे बरेच सभासद, नाहीतर त्यांची मुलं, कामधंद्यासाठी हैदराबाद, पुणे, सोलापूरला असतात. काही देशाबाहेर आहेत. पोस्टाचा खर्च वाचावा म्हणून यंदा वार्षिक सभेची सूचना मेलनं पाठवली. त्यासाठी भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर बसवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर 'मेलर-डेमन' नावाच्या कुणाकडून मेलांचा ढीग. त्यातले काही आमच्याच सूचना परत आल्याचे. बाकीचे, आम्ही कधी पाठवल्याच नाहीत अशा इंग्रजी जाहिराती परत आल्याचे. अध्यक्ष म्हणतात, "हे परत यायचं बंदच करून टाक." तसं करता येतं का? आणि करावं का?
— एक वाचक, हळ्ळीखेड (बी)

उत्तर : करता येतं. करू नका. अध्यक्षांचा वैताग समजण्यासारखा आहे, पण परत आलेला मेल बंद केला म्हणून न पोचलेला मेल पोचत नाही. फक्त तो पोचला नाही हे तुम्हाला कळेनासं होतं. आज तुमच्याकडे एक यादी तरी आहे : या सभासदांना सूचना मिळालेली नाही, त्यांना पोस्टानं पाठवायला हवी. परतीचे मेल बंद असते तर संस्थेनं सगळ्यांना कळवलं अशा समजुतीत सभा पार पडली असती, आणि नंतर एखादा सभासद "मला कळवलंच नाही" म्हणत उभा राहिला असता तर तुमच्या हातात दाखवायला काही नसतं.

हे मेल येतात कुठून, ते आधी पाहू. म्हणजे कोणते ठेवायचे, कोणते कमी करायचे आणि कोणते जन्मालाच येऊ द्यायचे नाहीत, हे आपोआप ठरेल.

मेलर-डेमन म्हणजे कोण?

तो तुमचाच सर्व्हर असतो, नाहीतर समोरचा. मेल पाठवायची पद्धत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहून ठेवली. ऑक्टोबर २००८ चा आरएफसी ५३२१ हा तिचा सुधारलेला अवतार आणि आज सगळे सर्व्हर त्याला धरून चालतात. दोन सर्व्हरांमधलं बोलणं अगदी मोजकं असतं. तुमचा सर्व्हर 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो. समोरून २५० हा आकडा येतो, म्हणजे ठीक. मग 'आरसीपीटी टू' म्हणून घेणाऱ्याचा पत्ता, पुन्हा २५०. मग 'डेटा' म्हणून मजकूर, आणि मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत एकटा पूर्णविराम. त्या पूर्णविरामावर समोरून २५० आला की त्या क्षणापासून मेलची जबाबदारी समोरच्या सर्व्हरची. एक तर त्यानं तो पोचवायचा, नाहीतर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. क्षुल्लक कारणानं मेल गहाळ होऊ द्यायचा नाही, असं हा दस्तऐवज बजावतो.

यातली मेख अशी, की नकार देण्याच्या जागा दोन आहेत. घेणाऱ्याचा पत्ता ऐकताच समोरच्यानं "असा कुणी इथे नाही" म्हटलं, तर मेल दारातूनच परत फिरतो. जबाबदारी अजून पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच असते, आणि तोच आपल्या माणसाला कळवतो. पण समोरच्यानं आधी हो म्हणून मेल आत घेतला आणि नंतर त्याला कळलं की असा माणूसच नाही, तर त्याला स्वतःहून एक नवा मेल तयार करून 'मेल फ्रॉम'मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर धाडावा लागतो. तो पत्ता खरा की खोटा हे त्याला माहीत नसतं. तुमच्याकडे आलेल्या इंग्रजी जाहिराती याच वाटेनं आल्या. त्यांच्याकडे पुढे येतोच.

परत आलेला मेल कसा वाचायचा?

पोस्टफिक्सच्या परतीच्या मेलची सुरुवात दिलगिरीनं होते : कळवायला वाईट वाटतं, तुमचा मेल एका किंवा अधिक जणांपर्यंत पोचू शकला नाही. बहुतेक जण इथेच वाचणं सोडतात. खरा माल खाली असतो. तीन भाग पाहा : माणसानं वाचायचा मजकूर, यंत्रानं वाचायचा अहवाल आणि मूळ मेल. मधल्या अहवालात टिंबांनी जोडलेले तीन आकडे असतात. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर कायमची. तुमच्या ढिगात बहुधा हे सापडतील :

५.१.१ : या नावाची पेटी तिथे नाही. पत्ता लिहून घेताना चूक झालेली असते, किंवा खातं बंद झालेलं असतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गुगलनं डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे, त्यामुळे जुन्या यादीत असे पत्ते निघणारच.

४.२.२ किंवा ५.२.२ : पेटी भरली आहे. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. लग्नाचे व्हिडिओ साठवून ठेवणाऱ्या सभासदाची पेटी मेलांनी भरलेली नसते. त्याला फोन करून सांगणं हाच उपाय.

५.४.४ : पत्त्यातलं डोमेन इंटरनेटच्या नोंदीत सापडत नाही. बंद पडलेल्या कंपनीचे पत्ते असे निघतात.

४.४.१ : समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही.

५.७.१ : पेटी आहे, सर्व्हर आहे, पण तुमचा मेल घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलंय. हा आकडा वारंवार दिसला तर दोष यादीचा नाही, तुमच्या सर्व्हरच्या पतीचा आहे.

अध्यक्षांना पटवायचं कसं?

पोस्टाकडे बोट दाखवा. पत्र पोचलं नाही तर पोस्टमन पाकिटावर कारण लिहितो : पत्ता अपुरा, घर सोडून गेले, घेण्यास नकार. आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर ते परतपत्र कार्यालयात जातं; तिथे नेमलेला माणूसच ते उघडतो, आणि तोही परतीचा पत्ता सापडावा म्हणून. ही व्यवस्था बंद करा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पोस्टानं उलट पत्र चुकूच नये यावर मेहनत घेतली. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांनी होणारा घोळ मिटवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन आला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्ट खात्यातले मराठी अधिकारी होते. संस्कृत कवी म्हणूनही त्यांचं नाव आहे. तुमच्या भागाला त्या पिनची किंमत वेगळी सांगायला नको. कंसातला 'बी' गळला तर पत्र हळ्ळीखेड (के)ला जाणार. १९५६ पर्यंत उदगीर आणि हुमनाबाद दोन्ही बीदर जिल्ह्यातच होते. आज उदगीरचा पिन ४१३ नं सुरू होतो, तुमचा ५८५ नं. पाकिटावर मराठी असो वा कन्नड, आकडा बरोबर असला की पत्र योग्य राज्यात जातं.

मेलच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घेतलेली असते. परतीचा मेल धाडताना सर्व्हर 'मेल फ्रॉम'च्या पुढचा कंस रिकामा सोडतो. कारण तो परतीचा मेलही पोचला नाही, तर त्याच्यासाठी आणखी एक परतीचा मेल, त्याच्यासाठी आणखी एक, असं दोन सर्व्हर दिवसरात्र एकमेकांना कळवत बसले असते. रिकाम्या कंसाचा मेल परत करायचा नाही, हा नियम आहे. काही जण स्पॅम कमी व्हावा म्हणून रिकाम्या कंसाचे सगळे मेल नाकारायची सोय करून ठेवतात. ते करू नका. तुमच्या खऱ्या परतपावत्याही त्यातच जातील.

मग सर्व्हरमध्ये बदलायचं काय?

पोस्टफिक्सच्या सेटिंग 'मेन डॉट सीएफ' या फाइलीत असतात. खालची नावं तिथे रोमन लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची. आधी फाइलीची एक प्रत काढून ठेवा.

पहिलं सेटिंग 'डिले वॉर्निंग टाइम'. पोस्टफिक्समध्ये हे मुळात शून्य, म्हणजे बंद असतं. समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर पोस्टफिक्स आधी पाच मिनिटांनी आणि मग वाढत वाढत तासाभराच्या थोड्या जास्त अंतरानं प्रयत्न करत राहतं, आणि पाच दिवसांनी हात टेकतं. परतीचा मेल तेव्हा येतो. म्हणजे सभा चार दिवसांवर असताना पाठवलेली सूचना अडकली, तर ते तुम्हाला सभा उरकल्यावर कळणार. हे सेटिंग चार तासांवर ठेवा; मेल अजून रांगेतच आहे असा इशारा त्याच दिवशी मिळेल. त्या इशाऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हा फक्त इशारा आहे, मेल पुन्हा पाठवू नका. तरीही लोक पुन्हा पाठवतातच, म्हणून कार्यालयातल्या सगळ्यांना हे एकदा समजावून सांगा.

दुसरं 'मॅक्सिमल क्यू लाइफटाइम'. हीच ती पाच दिवसांची मुदत. ती एका दिवसावर आणायचा मोह होईल. आवरा. नियमांचा सल्ला चार-पाच दिवसांचाच आहे, आणि शनिवारी संध्याकाळी बंद पडलेला एखाद्या लहान कार्यालयाचा सर्व्हर सोमवारी दुपारीच कुणीतरी चालू करतं.

तिसरं 'बाउन्स क्यू लाइफटाइम'. ही मुदत फक्त परतीच्या मेलांची, तीही मुळात पाच दिवस. ही मात्र खुशाल एक दिवसावर आणा. खोट्या पत्त्यांकडे निघालेले परतीचे मेल पाच दिवस रांग अडवून बसतात, ते लवकर मोकळे होतील.

चौथं 'बाउन्स साइझ लिमिट'. मूळ मेल ५०,००० बाइटांपेक्षा मोठा असला तर पोस्टफिक्स फक्त त्याचं शीर्ष परत पाठवतं. सूचनेला ताळेबंदाची पीडीएफ जोडली असेल तर ती पुन्हा पुन्हा परत येऊन पेटी भरत नाही, ती यामुळेच. याला हात लावू नका.

पाचवं 'नोटिफाय क्लासेस'. यात 'बाउन्स' हा शब्द घातलेला असेल तर परत गेलेल्या प्रत्येक मेलच्या शीर्षाची प्रत पोस्टमास्टरलाही येते. सर्व्हर नवा असताना आठवडाभर ठीक, पुढे त्याचा गोंगाट होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून तुमच्या फाइलीत तो शब्द राहिला आहे का पाहा. असेल तर ढिगाचा मोठा भाग तिथूनच येतोय.

न पाठवलेल्या मेलचं काय?

कुणीतरी जाहिराती पाठवताना 'मेल फ्रॉम'मध्ये तुमच्या संस्थेचा पत्ता घातला. त्या जाहिराती चुकीच्या पत्त्यांवर गेल्या. काही सर्व्हरांनी त्या आधी आत घेतल्या, मग परत केल्या, तुमच्याकडे. तुमचा सर्व्हर फोडला गेलाय असं लगेच समजू नका. परत आलेल्या मूळ मेलच्या शीर्षातल्या 'रिसीव्ड'च्या ओळी खालून वर वाचा. तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता त्यात कुठेच नसेल तर तो मेल तुमच्या इथून निघालेला नाही. असेल, तर मात्र आज रात्रीच सगळे पासवर्ड बदला.

उपाय दोन बाजूंनी. तुमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे ते डोमेनच्या नोंदीत जाहीर करा. त्याला एसपीएफ म्हणतात. मेलवर सही करणारं डीकिम आणि या दोन्हींवर धोरण सांगणारं डीमार्क, हेही लावा. मग शहाणे सर्व्हर खोटा मेल दारातच नाकारतात आणि परतीचा मेल तयारच होत नाही. मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही सक्तीचं केलं आहे. तुमची संख्या तेवढी नसली तरी तुमचे ५.७.१ यानंच कमी होतील.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची : तुम्ही स्वतः असाच त्रास इतरांना देत नाही ना? 'मेलक्यू' ही आज्ञा चालवा. रांगेत पाठवणारा म्हणून मेलर-डेमनच्या ओळीमागून ओळी दिसल्या, तर तुमचा सर्व्हर अस्तित्वात नसलेल्या पेट्यांचे मेल आधी आत घेतोय आणि मग परत करतोय. सर्व्हरवरच्या नेहमीच्या वापरकर्त्यांच्या बाबतीत पोस्टफिक्स ही चूक करत नाही. यादीत नसलेलं नाव ते ५५० म्हणून दारात नाकारतं. पण मेल दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवायला 'रिले डोमेन्स' वापरलं असेल, तर 'रिले रेसिपियंट मॅप्स' मुळात रिकामं असतं आणि त्या डोमेनच्या कुठल्याही नावाला आत प्रवेश मिळतो. तिथे खऱ्या पेट्यांची यादी भरा. स्पॅमची तपासणीही मेल स्वीकारण्याआधी करा. स्वीकारल्यावर स्पॅम ओळखला तर तो वेगळा काढून ठेवा; परत करू नका, कारण त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता जवळजवळ नेहमी कुणा तिसऱ्याच निरपराध माणसाचा असतो.

परत आलेले पत्ते यादीतून कधी काढायचे?

सूचना पाठवताना परतीसाठी वेगळा पत्ता ठेवा, कार्यालयाच्या रोजच्या पेटीत हे मेल मिसळू देऊ नका. पोस्टफिक्समध्ये व्हर्प नावाची सोय आहे. ती लावली की प्रत्येक सभासदाच्या मेलवरचा परतीचा पत्ता वेगळा होतो आणि त्यातच त्या सभासदाचा पत्ता गुंफलेला असतो. सभासदानं मेल पुढच्या खात्यावर वळवलेला असला आणि परतीच्या मेलमध्ये भलताच पत्ता दिसला, तरी मूळ सभासद कोण ते कळतं. क्यूमेल हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅन बर्नस्टाइन यांची ही युक्ती.

५.१.१ आला तर त्या पत्त्यावर पुन्हा पाठवू नका, सभासदाला फोन करा. पेटी भरल्याचा निरोप आला तर घाई नको. मेलमन या यादी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा हिशोब पाहण्यासारखा आहे : कायमच्या अडचणीला एक गुण, तात्पुरत्या अडचणीला अर्धा, एका दिवसात एकदाच मोजायचा, आणि पाच गुण झाले की त्या पत्त्यावर पाठवणं थांबवायचं. मधे काही दिवस मेल बिनतक्रार गेले की पाटी कोरी. तुम्ही वर्षाला पाचसहा सूचना पाठवणार असाल तर हे हातानंही जमेल.

पतसंस्थेसारख्या ठिकाणी आणखी एक धोका आहे. मेलचे पत्ते पुन्हा दुसऱ्याला दिले जाऊ शकतात. वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना देणार असं याहूनं २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. आज परत येणारा पत्ता उद्या "चालू" झाला, तर तो तुमच्या सभासदाचाच आहे याची खात्री नाही. एकदा परत आलेल्या पत्त्यावर खात्याचा उतारा पाठवायचा तर आधी सभासदाकडून तो पत्ता नव्यानं लिहून घ्या. परतीचे मेल बंद ठेवले असते तर ही शंकाच आली नसती, आणि कुणाचा तरी कर्जाचा हिशोब परक्याच्या हाती पडला असता.

परतीचा मजकूर मराठीत करता येईल का?

हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या गावात उपयोगी पडेल. पोस्टफिक्स परतीच्या मेलचा मजकूर बदलू देतं. सोबत येणारी 'बाउन्स डॉट सीएफ डॉट डिफॉल्ट' ही फाइल नव्या नावानं उतरवून घ्या, अक्षरसंच यूटीएफ-८ करा, विषयाची ओळ इंग्रजीतच ठेवा, आणि मजकुरात मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत दोन-दोन वाक्यं लिहा : मेल पोचला नाही, खाली दिलेला आकडा कार्यालयातल्या संगणकवाल्याला दाखवा. मग 'बाउन्स टेम्प्लेट फाइल' या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्या आणि 'पोस्टकॉन्फ -बी' आज्ञेनं ती कशी दिसते ते तपासा. यंत्रानं वाचायचा अहवाल या फाइलीत येत नाही, तो आहे तसाच राहतो.

देवनागरीतला मेलपत्ता घ्यावा का, हाही प्रश्न कुणीतरी काढेलच. २७ ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी डॉट भारत डोमेन मिळतं, आणि पोस्टफिक्स २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून असे पत्ते समजतं. मात्र समोरच्या सर्व्हरकडे असे पत्ते स्वीकारायची एसएमटीपीयूटीएफ-८ ही सोय नसेल तर मेल परत येणार, आणि असे सर्व्हर अजून पुष्कळ आहेत. हौसेनं घ्या, पण छापील पत्रव्यवहारावर रोमन पत्ताही असू द्या.

एवढं सगळं रोज कोण पाहणार?

नियमाप्रमाणे प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे. दुसऱ्या गावचा एखादा सर्व्हरवाला तुमची चूक कळवायला तिथेच लिहितो. बऱ्याच ठिकाणी तो पत्ता रूटच्या पेटीत जातो आणि ती पेटी कुणी उघडत नाही. 'एलियासेस' फाइलीत पोस्टमास्टरपुढे तुमचा रोजचा पत्ता लिहा, 'न्यूएलियासेस' आज्ञा चालवा, बाहेरच्या खात्यावरून एक मेल टाकून तो येतो का पाहा. त्यानंतर लॉगमधल्या 'स्टेटस इक्वल टू बाउन्स्ड' असलेल्या ओळी आठवड्यातून एकदा चाळल्या तरी पुरे. अध्यक्षांना ढीग दाखवू नका. त्यांना फक्त एक कागद द्या : सूचना न पोचलेल्या सभासदांची नावं, कारण, आणि पुढे काय केलं. त्या कागदावर त्यांची सही घ्या आणि सभेच्या कागदपत्रांत लावून ठेवा.